शिरोलीतून श्टुटगार्टला यायचं म्हणतोस तर

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या मशीनशॉपला चार वर्षं मेंटेनन्स बघतोस, मेकॅनिकलचं बी. ई. झालंय, रात्री पायथन शिकतोस आणि 'स्मार्ट फॅक्टरी'त काम करायला जर्मनीला यायचंय. त्यासाठी दीड लाखाचा 'इंडस्ट्री ४.०'चा ऑनलाइन कोर्स करावा का, व्हिसा कुठला घ्यावा आणि इथल्या कारखान्यांत नक्की चालतं काय, असं विचारलंयस. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलो, वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं. गेली नऊ वर्षं श्टुटगार्टच्या आसपासच्या कारखान्यांत मशीनं नेटवर्कला जोडायचं काम करतोय.

कोर्स करू नकोस. दीड लाखात काय करायचं ते पुढं सांगतो.

'इंडस्ट्री ४.०', म्हणजे मशीनं नेटवर्कला जोडून त्यांच्या माहितीवर कारखाना चालवायचा, हे नाव २०११ साली हॅनोव्हरच्या औद्योगिक मेळ्यात पहिल्यांदा सगळ्यांपुढं आलं. तेव्हापासून जाहिरातीत काचेच्या भिंती, पांढरे रोबो आणि हातात टॅबलेट घेतलेली बाई. मीही तेच डोक्यात घेऊन आलो होतो. पहिल्याच आठवड्यात मला ज्याच्यापुढं उभं केलं ते १९८८ सालचं ग्राइंडिंग मशीन होतं. हिरवा रंग उडालेला, पॅनेलच्या दारावर खडूनं लिहिलेले आकडे, खाली ऑइलचा ट्रे. आपल्या उद्यमनगरातनं उचलून आणल्यासारखं. म्हणाले, 'हे जोड.' त्याला नेटवर्कचं पोर्टच नव्हतं. मग मशीनवरच्या टॉवर लॅम्पच्या वायरीवरनं हिरवा-लाल सिग्नल घेतला, स्पिंडल मोटरच्या केबलला करंट मोजणारा क्लॅम्प, म्हणजे वायरीभोवती बसणारा चिमटा लावला, दोन्ही एका छोट्या गेटवेत, म्हणजे सिग्नल नेटवर्कवर पाठवणाऱ्या डब्यात घातले. मशीन चालू आहे, नुसतं फिरतंय की खरंच कापतंय, एवढं त्यातनं कळायला लागलं. नव्या मशीनचे कंट्रोलर ओपीसी यूए नावाच्या ठरलेल्या पद्धतीनं आपणहून बोलतात, तिथं काम सोपं. पण एका हॉलमध्ये नवं-जुनं सगळंच असतं. एक मशीन तापमान २४.५ असं देतं, शेजारचं २४५ देतं आणि दहानं भागायचं हे फक्त रिटायर झालेल्या इलेक्ट्रिशियनला माहीत असतं. माझा निम्मा पगार अशा माणसांशी कॉफी पिण्याचा आहे असं समज.

म्हणून सांगतो, तुझी चार वर्षं पायथनपेक्षा महाग आहेत. कोड लिहिणारी पोरं इथं मिळतात. करंट अचानक चढला म्हणजे इन्सर्ट (कापणारं टोक) गेला, का कास्टिंगमध्ये हार्ड स्पॉट (कडक जागा) लागला, का ऑपरेटरनं फीड वाढवला, हे आलेख बघून सांगणारा माणूस सहज मिळत नाही. फाउंड्रीवाल्याला तर जास्तच कळतं. वाळूचा ओलावा, ओतायच्या वेळचं तापमान, भट्टीचा चार्ज (आत टाकलेला माल), स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूत काय किती आहे त्याचा रिपोर्ट हे सगळं आज वेगवेगळ्या वह्यांत असतं, आणि ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगच्या पोटातलं हवेचं भोक, दिसतो तो थेट मशीनिंगला गेल्यावर. तोवर त्या मोल्डची वाळू कधीच दुसऱ्या मोल्डमध्ये गेलेली असते. त्या जॉबला नंबर देऊन या चारही नोंदी त्याच्यामागं लावायच्या, एवढंच ते ट्रेसेबिलिटी प्रकरण आहे. ऐकायला साधं वाटतं. पण तापलेल्या कास्टिंगवर टिकणारा नंबर टाकायचा कसा, इथंच सहा महिने जातात.

ओईई, म्हणजे मशीनचा एकूण खरा उपयोग किती, हा शब्द तुला मुलाखतीत विचारणार, तेव्हा पाठ केलेली व्याख्या सांगू नकोस, हिशोब करून दाखव. मशीन ठरल्या वेळेच्या ९० टक्के चाललं, ठरल्या वेगाच्या ९० टक्क्यांनी चाललं आणि ९५ टक्के जॉब चांगले निघाले. तिन्ही आकडे ऐकून मालक खूश. गुणाकार केला की ७७ टक्के. पाव भाग कुठं गेला ते शोधायचं, त्याचा पगार.

सुट्टीला आलो होतो तेव्हा वडिलांच्या एका लेथला मी असाच क्लॅम्प लावला. 'मशीन दिवसभर थांबत नाही,' असं ते कायम म्हणायचे. आठ तासांत प्रत्यक्ष कटिंग निघालं तीन तास चाळीस मिनिटं. बाकी टूल शोधणं, ड्रॉइंग विचारायला जाणं, पार्टीचा फोन. वडील म्हणाले, 'तुझं मीटर खोटं बोलतंय.' दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर टूलची ट्रॉली लेथच्या शेजारी आणून ठेवलेली. त्यावर एक शब्द नाही.

इथं मात्र मी तोंडावर आपटलो ते याच बाबतीत. दुसऱ्या प्रोजेक्टला मी झोकात डॅशबोर्ड केला, कुठल्या ऑपरेटरचं मशीन किती मिनिटं थांबलं ते नावासकट मोठ्या स्क्रीनवर. आपल्याकडं मालकानं पाठ थोपटली असती. इथं दुसऱ्या दिवशी बेट्रीब्सराट, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेली समिती, दारात उभी. १९७२ च्या कायद्यानं माणसाच्या वागण्यावर किंवा कामावर नजर ठेवता येईल असं कुठलंही तांत्रिक साधन त्यांच्या संमतीशिवाय बसवता येत नाही. प्रोजेक्ट चार महिने लटकला. आता मी सुरुवातच त्यांच्यापासून करतो, नावं काढून टाकतो आणि थांबण्याची कारणं ऑपरेटरलाच निवडायला देतो. कारणंही सहा-सातच ठेवायची. वीस दिली की सगळे 'इतर' दाबतात, कोल्हापूर असो की श्वाबिया, म्हणजे हा श्टुटगार्टचा भाग.

भाषा. जर्मनची बी१ पातळी तरी करून ये, त्यावरची बी२ झाली तर सोनं. ऑफिसात इंग्रजीवर भागतं, मशीनपाशी नाही. आणि वर्गात शिकवतात ती जर्मन वेगळी, इथला फोरमन बोलतो ती श्वाबियन वेगळी. पुस्तकी मराठी शिकलेला माणूस कोल्हापुरात गंगावेशीत उभा केल्यावर त्याचं जे होईल ते माझं वर्षभर झालं.

व्हिसाचं पटकन सांगतो. हातात नोकरी असेल तर ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या कामगारांचा परवाना. २०२५ साली त्याला वर्षाला ४८,३०० युरो पगाराची अट होती. इंजिनिअरसारख्या टंचाईच्या कामांना ४३,७५९.८० युरो. हा आकडा दर जानेवारीत बदलतो, तेव्हा अर्ज करताना नवा बघ. नोकरी नसताना येऊन शोधायची तर जून २०२४ पासून चान्सनकार्टे, म्हणजे 'संधी कार्ड' आहे. गुण मोजून मिळतं, एक वर्षाचं, आणि आठवड्याला वीस तास काम करता येतं. पण खर्चाची सोय दाखवावी लागते, २०२५ ला ती महिन्याला १,०९१ युरो होती. वर्षाचे तेरा हजार युरो अडकवण्यापेक्षा कोल्हापुरात बसून सहा महिने जास्त अर्ज कर, असं माझं मत. डिग्री आणि कॉलेज दोन्ही 'अनाबिन'च्या, म्हणजे परदेशी डिग्र्या जर्मनीत धरतात का ते सांगणाऱ्या यादीत आहेत का ते आजच तपास. त्यावर लोकांचे महिने वाया जातात.

पगाराचं गणित गावाकडच्या भाषेत करू नकोस. वर्षाला पन्नास हजार युरोंवर एकट्या माणसाच्या हातात महिन्याला साधारण २,७०० युरो पडतात. माझ्या पहिल्या एका खोलीच्या घराला ८७० जायचे.

आणि सध्या हवा थंड आहे. फोक्सवागननं डिसेंबर २०२४ मध्ये युनियनशी करार केला, २०३० पर्यंत ३५,००० हून जास्त जागा कमी करायच्या म्हणून. त्यामुळं नुसत्या मोटारवाल्यांच्या मागं लागू नकोस. पॅकेजिंग, औषधं, अन्नप्रक्रिया, पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारे मधल्या आकाराचे कारखाने बघ. त्यांची नावं आपण ऐकलेली नसतात, गावंही आडवळणी असतात, पण जुनी मशीनं जोडायचं काम त्यांच्याकडं खरं पडलेलं आहे.

आता तो दीड लाख. त्यातला मोठा भाग जर्मनच्या क्लासला घाल. तीस-पस्तीस हजारांत एखादा जुना पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर मिळाला तर बघ, सीमेन्सचा एस७-१२०० असला तर उत्तम, इथं सगळीकडं तेच घराणं आहे. हजाराच्या आतला ईएसपी३२ हा वायफायचा छोटा बोर्ड आणि क्लॅम्प घे. ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं नोड-रेड फुकट आहे. एमक्यूटीटी, म्हणजे मशीननं छोटे संदेश पाठवायची पद्धत शिक, ती १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनवर सॅटेलाइटनं नजर ठेवायला काढलेली, म्हणून कमकुवत नेटवर्कवरही चालतं. डेटाबेसमधनं माहिती काढायला थोडं एसक्यूएल कर. एक सांभाळ, पॅनेलमधल्या सीटीची (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) सेकंडरी बाजू चालू लोडवर कधी उघडी ठेवू नकोस. मेंटेनन्सवाल्याला सांगायला नको, तरी सांगतो. आणि कारखान्याच्या मुख्य नेटवर्कला असला घरगुती जुगाड जोडू नकोस. २०१९ च्या मार्चमध्ये नॉर्स्क हायड्रो या नॉर्वेच्या कंपनीवर सायबर हल्ला झाला तेव्हा अ‍ॅल्युमिनियमचे प्लांट कागदावर आणि हातानं चालवायची वेळ आली होती. मुलाखतीत आता याबद्दलही विचारतात.

मालकाला विचारून एकच मशीन निवड, सगळ्यात जास्त शिव्या खाणारं. पंधरा दिवस आधी वहीत लिही, कधी थांबलं आणि का. मग क्लॅम्प लावून पुढचे पंधरा दिवस मोज. वही आणि आलेख जिथं जुळणार नाहीत, त्या जागा लाल पेनानं खूण करून दोन्हींचे फोटो मला पाठव. रविवारी मला वेळ असतो, आपल्याकडच्या दुपारी तीननंतर फोन कर.