कोअरला कोटिंग: सुरुवातीला एवढं सांभाळ

फाउंड्रीत साच्यात बसवायच्या वाळूच्या गाभ्याला, म्हणजे कोअरला, जो पातळ लेप देतात तो म्हणजे कोटिंग. सकाळी टाकी उघडल्यावर ते दह्यासारखं घट्ट दिसतं आणि नवा माणूस लगेच पाणी ओततो. सगळ्यात मोठी चूक हीच. त्यातली झिरकॉनची (उष्णता सोसणाऱ्या खनिजाची) पूड पाण्याच्या साडेचारपट जड असते. ती तळाला बसू नये म्हणून कोटिंगमध्ये बेंटोनाइटसारखी माती असते, आणि रात्रभर न हलवता राहिलं की तीच सगळं बांधून धरते. ढवळलं की पुन्हा सैल होतं. म्हणून आधी तळापासून नीट ढवळ, मगच पाण्याचं ठरव.

– पाणी मापूनच, थोडं थोडं घाल. कण इतके दाटीने असतात की जरासं पाणीही वाहणं बदलून टाकतं.
– बॉमे (कोटिंगमध्ये तरंगणाऱ्या मापकाचं रीडिंग) आणि फोर्ड कप (तळाला भोक असलेला कप, रिकामा व्हायला किती सेकंद लागतात ते बघायचं) दोन्ही बघ. बॉमे घनता सांगतो, पातळपणा नाही. बॉमे बरोबर असूनही ओघळ येतात, ते मी कितीदा पाहिलंय! रीडिंग ढवळल्यावर लगेच घे, तापमानही लिही.
– मिक्सर फार जोरात नको, हवा शिरते आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं पडतात.

रिओमीटरचे (वाहण्याचा गुण मोजणाऱ्या यंत्राचे) आलेख सध्या राहू देत. महिनाभर वही नेटाने भर, हात आपोआप बसेल. अडलं तर बिनधास्त विचार.