चर्चमध्ये रॅम्प बांधला, तरी व्हीलचेअरवरचे सभासद येत नाहीत. आणखी काय करावं?

आधी रॅम्पचा उतार मोजा. प्रमाण १:१२ हवं, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला किमान १.८० मीटर लांबी. जागा नाही म्हणून मीटरभरात उरकलेला रॅम्प एकट्याने चढता येत नाही. त्यावर गुळगुळीत टाइल असेल तर मुंबईच्या पावसात चाकं घसरतात; खरखरीत लादी बसवा. शौचालयाचं दार ९० सेंटिमीटर रुंद आहे का? ही अडचण कोणी पाळकांना सांगत नाही, मुकाट्याने घरी राहतं.

मधल्या एखाद्या बाकाचं टोक कापून ९० बाय १२० सेंटिमीटर जागा करा, म्हणजे कुटुंबाशेजारी बसता येईल. मागच्या दाराशी एकटं बसवू नका. प्रभुभोजन वेदीपाशी गुडघे टेकून घेत असाल तर पाळकांनी त्यांच्या जागेवर जावं, आणि तेही सगळ्यांच्या शेवटी नव्हे. न विचारता डोक्यावर हात ठेवून बरं होण्याची प्रार्थना तर कृपा करून करू नका. त्याने माणूस फार दुखावतो.

लोकलमध्ये दिव्यांगांचा डबा असतो, पण घरापासून फलाटापर्यंतचं काय? ने-आण चार कुटुंबांत वाटा. एकावरच टाकलीत तर ते थकतात आणि बंद पडते. बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातल्या पक्षाघाती माणसालाही चौघांनी उचललं होतं.

शिवाय त्यांच्याकडे कामं सोपवा: हिशेब, आजाऱ्यांना फोन, शास्त्रवाचन. वाचनाचा माईक बसलेल्या माणसाच्या उंचीवर आणता यायला हवा.