सेवेला गेलेली मुलगी थकली, म्हणजे तिची श्रद्धा कमी पडली का?

परदेशातल्या मिशन शाळांमध्ये वर्ष-दोन वर्षांसाठी शिकवायला गेलेल्या तरुणांकडून, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या पालकांकडून, समुपदेशक म्हणून एकच प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. "एवढ्या उत्साहाने गेली, चर्चच्या सगळ्या मंडळीने प्रार्थना करून निरोप दिला आणि आता फोनवर रडते, तिला हे पाचारण नव्हतेच का?" विचारणाऱ्याला 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर हवे असते. ते देण्याची घाई मी कधीही करत नाही, कारण या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. शरीर-मन थकणे ही एक गोष्ट आणि विश्वास डळमळणे ही दुसरी. त्या वेगळ्या झाल्या की पुढचे निर्णय बरेच सोपे होतात. त्या कशा वेगळ्या होतात, हे एका शिक्षिकेच्या अनुभवावरून सांगते. तिच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि अनेक महिन्यांची संभाषणे थोडक्यात आणली आहेत.

ती चोवीस वर्षांची होती. चर्चच्या एका निवासी शाळेत दोन वर्षांच्या करारावर गेली होती आणि तिचा आठवा महिना चालू होता. आम्ही व्हिडिओ कॉलवर बोलत असू. पहिल्या दिवशी तिने वरिष्ठांना अहवाल द्यावा तशी सगळी माहिती नीट क्रमाने दिली आणि शेवटी म्हणाली, "मॅडम, मला फक्त चिडचिड कशी थांबवायची ते शिकवा. मुले निरागस आहेत. दोष माझ्यात आहे."

मी आधी झोप, भूक आणि औषधे यांबद्दल विचारले. मलेरियाच्या प्रदेशात राहणाऱ्या कोणाशीही बोलताना हा प्रश्न मी टाळत नाही, कारण प्रतिबंधासाठी आठवड्यातून एकदा घेतल्या जाणाऱ्या मेफ्लोक्विनमुळे काहींना भयानक स्वप्ने, अस्वस्थता आणि नैराश्य येऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2013 मध्ये या औषधावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापणे बंधनकारक केले. गोळीचा परिणाम असलेल्या माणसाला आध्यात्मिक उपदेश करत बसणे हा त्याच्यावर अन्याय आहे. ही मुलगी ते औषध घेत नव्हती. मग मी तिला एका पूर्ण दिवसाचे वेळापत्रक हाताने लिहून कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितले.

पहाटे पाचला वसतिगृहातल्या मुलींना उठवणे, प्रार्थना, दोन इयत्तांचे एकत्र वर्ग, दुपारी मागे पडलेल्या मुलांचे वाचन, संध्याकाळी गायनवृंद, रात्री अभ्यासिका, वह्या आणि पुन्हा वसतिगृहाची फेरी. सर्वांत भरगच्च दिवस रविवार होता. त्या कागदाकडे पाहून मी विचारले, "हे सगळे कोणी ठरवले?" ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "कोणी विचारले की मी हो म्हणते. सेवेला आले आहे ना!"

हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये 'बर्नआउट'चे, म्हणजे कामात राबून आतून पूर्ण रिते होण्याचे, वर्णन केले, ते न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांना पाहून. तळमळीने, मनापासून झोकून देणारे लोकच यात आधी सापडतात, असे त्याचे निरीक्षण होते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणात याला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटले. ही बाब मी पालकांना आवर्जून सांगते, कारण कामामुळे आलेल्या स्थितीवरचा उपाय बराचसा कामाच्या रचनेतच शोधावा लागतो. तो केवळ त्या मुलीच्या मनात शोधून भागत नाही.

आठव्या महिन्यालाही स्वतःचा अर्थ आहे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत शिकून आलेल्या नॉर्वेजियन लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि 1955 मध्ये असे मांडले की, सहा महिन्यांहून कमी किंवा अठरा महिन्यांहून अधिक राहिलेल्यांपेक्षा मधल्या काळातले लोक नव्या जागी कमी रुळलेले होते. पुढच्या अभ्यासांत हा आलेख सर्वांना सारखा लागू पडला नाही, हे खरे. तरीही नवलाई ओसरली आहे आणि आपलेपणा अजून आलेला नाही, अशा मधल्या टप्प्याची ओळख करून दिली की तरुणांना हायसे वाटते.

तिला मात्र एवढ्याने हायसे वाटले नाही. माहितीने तिची मान डोलत होती, डोळे तसेच होते. मी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांत घडलेली आहे आणि अशा वेळी समजावणे थांबवून माणसाला स्वतःचाच आवाज ऐकू द्यावा, असे माझे मत वर्षानुवर्षांच्या कामातून पक्के झाले आहे. योगायोग असा की, रॉजर्स स्वतः 1922 मध्ये विद्यार्थी असताना जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी संघाच्या परिषदेसाठी चीनमध्ये पेकिंगला (आजचे बीजिंग) गेले होते. त्या लांबच्या प्रवासात आपले धर्मविचार घरच्यांपेक्षा वेगळे होत आहेत हे त्यांना जाणवले आणि ते बदल त्यांनी घरी पत्रांतून मोकळेपणाने कळवले. म्हणून मी तिला विचारले, "तुम्ही घरच्या मंडळीला दरमहा पत्र पाठवता ना? शेवटचे पत्र मला वाचून दाखवाल?"

तिने फोनवर पत्र उघडले आणि वाचू लागली. "प्रभूच्या कृपेने येथे सर्व उत्तम चालले आहे. मुले फार प्रेमळ आहेत. माझ्या आनंदाला सीमा..." तिथे ती थांबली. मी काहीच बोलले नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग ती म्हणाली, "हे मी रडून झाल्यावर लिहिले होते."

"खरे लिहिले असते तर काय झाले असते?"

"आमच्या मंडळीतल्या एक आजी त्यांच्या पेन्शनमधून माझ्यासाठी पैसे पाठवतात. त्यांना काय वाटेल? त्यांनी देवाच्या कामाला पैसे दिले, माझ्या रडण्याला नाही."

पाठवणाऱ्यांचे प्रेमच अशा वेळी जड होते. दात्यांना यशाची बातमी द्यायची सवय एकदा लागली की, पाठवणारे आणि गेलेली व्यक्ती यांच्यातला खरा संवाद हळूहळू आटतो आणि जिथून आधार मिळायचा, त्याच जागेची भीती वाटू लागते. मी मंडळीच्या पाळकांना आणि पालकांना कळकळीने सांगते की, पत्राच्या उत्तरात कामाबद्दल विचारण्याआधी तब्येतीबद्दल, सुट्टीबद्दल आणि मैत्रिणींबद्दल विचारा. तिने फार न लिहिता खरे लिहावे, असे तुम्हाला वाटत असेल तर ते तिला स्पष्ट शब्दांत कळवा. ती स्वतःहून गृहीत धरणार नाही.

पुढच्या संभाषणात एक गोष्ट घडली, जी माझ्या कायम लक्षात राहिली आहे. मी सहज विचारले, "या आठवड्यात मुलांना पवित्र शास्त्रातली कोणती गोष्ट सांगितली?" ती म्हणाली, "मोशे आणि त्याचा सासरा इथ्रो." मी म्हटले, "मुलांना सांगितली तशीच मला सांगा." ती एकदम शिक्षिका झाली. आवाज बदलला, हात हलू लागले. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत एकटाच बसायचा, लोक रांगेत ताटकळत उभे असायचे आणि हे पाहून इथ्रो त्याला म्हणाला, "तू करतोस ते ठीक नाही. अशाने तू थकून जाशील आणि..."

हात हवेतच राहिला.

"आणि?" मी विचारले.

"आणि तुझ्याबरोबरचे हे लोकही थकून जातील." मग बऱ्याच वेळाने, अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "मॅडम, मुले थकली आहेत. माझ्या वर्गात गेला महिनाभर कोणी हसलेले नाही. मी चिडले की ती माझ्या तोंडाकडे पाहून गप्प बसतात."

तेव्हा ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडली. आजवर तिने स्वतःचा थकवा हा स्वतःचा खासगी दोष मानला होता. तो दोष लपवून राबत राहिले की सेवा पूर्ण होते, असा तिचा हिशेब होता. त्या एका वाक्याने हिशेब बदलला. विश्रांती न घेण्याची किंमत मुलेही मोजत होती. हे मी तिला दहा वेळा सांगितले असते, तरी तिने नम्रपणे ऐकून घेतले असते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पाचला उठली असती. तिच्या श्रद्धेतूनच ते वाक्य आले म्हणून तिला ते मानता आले. श्रद्धाळू माणसाशी बोलताना श्रद्धेला अडचण समजणाऱ्या समुपदेशकांशी माझा जुना मतभेद आहे, आणि अशा प्रसंगांनी माझे मत अधिकच दृढ झाले आहे.

इथ्रो तिथे थांबत नाही, हेही मग आम्ही पाहिले. तो मोशेला लोकांमधलीच कर्तबगार माणसे निवडून कामे वाटून द्यायला सांगतो. मी विचारले, "तुम्ही जाण्याआधी गायनवृंद कोण घेत असे?" उत्तर द्यायला तिला वेळ लागला. तिथल्याच एक ज्येष्ठ शिक्षिका कित्येक वर्षे तो घेत होत्या. ही आली, उत्साहाने पुढे झाली आणि त्या न बोलता मागे सरल्या. बाहेरून सेवेला गेलेल्या तरुणांच्या हे फार उशिरा ध्यानात येते. ज्यांची सेवा करायला आपण गेलो, त्यांच्याकडे आपल्याआधीपासून माणसे असतात, कौशल्ये असतात आणि आपण परतल्यावरही शाळा त्यांनाच चालवायची असते. तिने त्या बाईंकडे जाऊन गायनवृंद परत घेण्याची विनंती केली. एकट्या पडलेल्या या मुलीला त्या शाळेतली पहिली मैत्रीण मिळाली ती अशी.

मुख्याध्यापकांशी बोलणे अवघड गेले. काय बोलायचे याची आम्ही दोघींनी तयारी केली होती: तक्रारीचा सूर न लावता लेखी वेळापत्रक समोर ठेवायचे आणि दोनच मागण्या करायच्या, आठवड्यातला एक पूर्ण दिवस मोकळा आणि वसतिगृहाची रात्रपाळी आलटून पालटून. पहिली मान्य झाली, दुसरी अर्धवट. मंडळीला तिने खरे पत्र लिहिले. पैसे थांबले नाहीत, त्या आजींनी फोन करून "नीट जेवतेस ना?" असे विचारले.

मधल्या काळात तिने मला विचारले होते, "अर्ध्यातून परत जाणाऱ्यांना सेवक म्हणतात का?" मी तिला सिंथिया फरार या मिशनरी शिक्षिकेची आठवण करून दिली. त्या 1827 मध्ये अमेरिकेहून मुंबईला मुलींच्या शाळांसाठी आल्या, प्रकृती ढासळल्याने 1837 मध्ये मायदेशी परतल्या, 1839 मध्ये पुन्हा आल्या आणि 1862 मध्ये अहमदनगरला वारल्या. त्यांच्या परत जाण्यावरून त्यांच्या कामाला आज कोणी उणे म्हणत नाही.

राहायचे की परतायचे, हे मी ठरवत नाही. मात्र काही बाबतींत मी वाट पाहू देत नाही. कोणाकडून छळ किंवा लैंगिक त्रास होत असेल, पासपोर्ट काढून घेतला असेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक बिघडली असेल किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर त्याच दिवशी घरच्यांना कळवावे आणि डॉक्टरांना गाठावे. एरवी निर्णय अतिथकव्यात घेऊ नये. आधी काही दिवस विश्रांती, मग विचार. आणि जे अजून निघायचे आहेत, त्यांनी आठवड्याच्या तासिका, सुट्टीचा दिवस, वसतिगृहाची जबाबदारी, परतीच्या तिकिटाचा खर्च आणि अडचणीत शाळेबाहेर कोणाशी बोलायचे, हे सारे जाण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे. असे विचारण्याने श्रद्धा उणी पडत नाही.

तिने करार पूर्ण केला आणि परत आली. परतल्यावरही काही महिने जड गेले. परतीनंतर अशी दुसरी उतरण येते, हे जॉन आणि जीन गलाहॉर्न या संशोधक दांपत्याने 1963 मध्येच मांडले होते. पालकांना माझी विनंती आहे की, पहिल्याच रविवारी मुलीला व्यासपीठावर साक्ष द्यायला उभे करू नका. तिला आधी झोपू द्या, आणि तिथल्या मुलांबद्दल ती बोलू लागली की सगळे ऐकून घ्या, कंटाळवाणे वाटले तरी.