खाडीतली चिंबोरी सगळीकडे एकच, मग घाटात दर डोंगराला वेगळा खेकडा कसा? नवी प्रजाती बनते तरी कशी?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं: खेकड्याच्या पिल्लांत.

चिंबोरी (मालवणकडची कुर्ली) अंडी फोडायला खाडीबाहेर समुद्रात जाते. एका मादीची अंडी दहा लाखांवर जाऊ शकतात. त्यांतून खेकडा निघत नाही, डोळ्याला जेमतेम दिसणारी अळी निघते. अळीच्या ‘झोइया’ नावाच्या पाच अवस्था, मग ‘मेगालोपा’ ही शेवटची एक, असे तीन-चार आठवडे ती पाण्याबरोबर वाहत राहते. तेवढ्यात दाभोळच्या मादीचं पिल्लू देवगडच्या खाडीला लागू शकतं. म्हणूनच चिंबोरीची एकेक प्रजाती पार आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत पसरलेली असू शकते.

डोंगरातल्या गोड्या पाण्याच्या खेकड्याला ही वाहती अवस्थाच नाही. अंडी मोजकी, मादी ती पोटाखालच्या झाकणात सांभाळते आणि त्यांतून थेट इवलासा खेकडा बाहेर येतो. जन्मला त्या व्हाळाच्या (ओढ्याच्या), त्या सड्याच्या (कातळी पठाराच्या) आसपासच त्याचं आयुष्य जातं. कोकणातल्या नद्या आखूड. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी आपापल्या वाटेने समुद्राला मिळतात आणि खारं पाणी या खेकड्याला मानवत नाही. एका नदीच्या उगमाकडचा खेकडा शेजारच्या नदीत जायचा तर मधला डोंगर चालून, तोही पावसाळ्यातच.

आता मूळ मुद्दा. दोन गटांत जनुकांची देवाणघेवाण चालू असेपर्यंत प्रजाती फुटणं फार कठीण असतं. ढोबळ हिशोब असा, की दर पिढीला सरासरी एक जरी पाहुणा पलीकडून येऊन इथे वंश वाढवत असेल, तर निव्वळ योगायोगाने गट फारसे दुरावत नाहीत. गंमत म्हणजे गट शंभराचा असो की लाखाचा, आकडा तोच. (नैसर्गिक निवड दोन्हीकडे वेगवेगळ्या दिशेने जोर लावत असेल तर हा हिशोब कोलमडतो.) ही ये-जा तुटली की दोन्ही बाजूंना आपापली उत्परिवर्तनं (जनुकांत आपसूक होणारे बदल) साठत जातात. ती गरज पाहून होत नाहीत. ‘सड्यावर पाणी आटतं म्हणून खेकड्याने स्वतःला बदललं’ असं कुठे वाचलंत तर सोडून द्या. बदल आधी आपसूक होतात, उपयोगाचे टिकतात.

निरुपयोगी, निरुपद्रवी बदलही पसरतात, आणि गट लहान असला की लवकर. ५० खेकड्यांच्या गटात प्रत्येक जनुकाच्या (खेकड्यामागे दोन अशा) १०० प्रती असतात. नव्या तटस्थ बदलाला सगळ्या गटात पसरायची संधी १०० त १, आणि पसरलाच तर सरासरी २०० पिढ्या लागतात. आकडा लहान वाटेल, पण असे बदल सतत होत असतात आणि काळ लाखो वर्षांचा असतो.

मग संकर का जमत नाही? मूळ खेकड्यात ‘क’ आणि ‘ख’ अशी जोडीने काम करणारी दोन जनुकं धरा. डोंगराच्या अलीकडे ‘क’ बदललं. ते जुन्या ‘ख’बरोबर नीट चाललं, म्हणून टिकलं. पलीकडे ‘ख’ बदललं. ते जुन्या ‘क’बरोबर चाललं. नवं ‘क’ आणि नवं ‘ख’ मात्र एका शरीरात कधी आलेच नव्हते. संकरात ते पहिल्यांदा भेटतात आणि तिथे बिघडतं: पिल्लू मरतं किंवा वांझ निघतं. याला डॉबझान्स्की-मुलर विसंगती म्हणतात. दोन्हीकडच्या कुठल्याही पिढीला तोटा झालेला नसतो, तरी मधला दोर तुटलेला असतो. विसंगती साठण्याआधीच गट पुन्हा भेटले तर ते एकमेकांत मिसळून जातात; अर्धवट फुटलेल्या कितीतरी प्रजाती अशाच विरल्या असणार.

घाटातला प्रत्येक गोड्या पाण्याचा खेकडा एकाच डोंगरापुरता असतो असं नाही. भातशेतीतला मुठा पावसाळ्यात बांधाबांधाने चालत जातो आणि दूरवर पसरलेला आहे. बातम्यांत येतात ते बहुतेक कातळाच्या भेगांत किंवा झाडाच्या ढोलीत राहणारे, घाटियाना वंशातल्यांसारखे. हा वंश २०१४ मध्ये शास्त्रात नोंदला गेला, पण खेकडे तेव्हा बनले नाहीत. ‘नवी प्रजाती सापडली’ आणि ‘नवी प्रजाती बनली’ यांत लाखो वर्षांचं अंतर असू शकतं.

‘जात’ या शब्दानेही घोळ होतो. हापूस आणि पायरी या एकाच प्रजातीच्या लागवडीच्या जाती. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना आला (१९८१), आणि पुढे रत्ना-हापूस संकरातून सिंधू. संकराचा पुन्हा संकर फळतो, म्हणजे दोर शाबूत आहे. कलमाने तर एकाच झाडाची नक्कल होते, तिथे उत्क्रांतीला फारसा वावच नाही.

वनस्पतींत झटपट वाटही आहे: गुणसूत्रं दुप्पट होणं. गुणसूत्रांचे चार संच असलेल्या झाडाचा दोन संचांच्या मूळ झाडाशी संकर झाला तर तीन संचांचं रोप येतं. तिघांच्या नीट जोड्या लागत नाहीत, म्हणून बी धरत नाही. खायच्या बहुतेक केळ्यांत बी नसण्यामागे हे तीन संच (३३ गुणसूत्रं) मोठं कारण आहे. म्हणजे मूळ झाडापासून फारकत एका-दोन पिढ्यांत.

सुरुवातीच्या प्रश्नातलं एक गृहीतक मात्र दुरुस्त करतो. चिंबोरीही ‘एकच’ नाही. बरीच वर्षं एक समजली गेलेली ही चिंबोरी १९९८ मध्ये चार प्रजातींत विभागली गेली. रंगावर जाऊ नका, तो वयाप्रमाणे आणि पाण्याप्रमाणे बदलतो. चिंबोरीत कपाळावरचे आणि नांगीवरचे काटे बघतात. डोंगरातल्या खेकड्यात नर उलटा करून (त्याचं झाकण अरुंद, मादीचं रुंद गोल) झाकणाखालच्या पहिल्या जोडीच्या जननपायांचा आकार तपासतात.