रोल जमतो, पण पोहायची वेळ आली तर?

प्रश्न : ताई, आम्ही पुण्याचे चौघं मित्र. कोलाडला कुंडलिकेवर पाच-सहा वेळा राफ्टिंग केलंय, दोन वर्षं कयाक (एकट्याने पॅडल मारत चालवायची छोटी होडी) शिकतोय, स्विमिंग टँकमध्ये रोल, म्हणजे उलटलेली कयाक आत बसूनच परत सरळ करणं, मस्त जमतो. ऑक्टोबरअखेर ऋषिकेशला जाऊन गंगेत कौडियाला ते शिवपुरी आपापल्या कयाकमधून करायचंय. 'द वॉल' या रॅपिडबद्दल (नदीतला जोरदार उसळत्या पाण्याचा टप्पा) खूप ऐकलंय. प्लॅन कसा करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सीझन बरोबर निवडलात, जुलै-ऑगस्टमध्ये पावसामुळे तिथलं राफ्टिंग बंदच असतं. पण पहिल्याच दिवशी कौडियाला नको, अगदी कळकळीनं सांगते. कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी सोडलेलं पाणी असतं, पात्र लहान, काठ हाताशी, आणि गंगेत मात्र पाण्याचा लोटच एवढा की कयाक उलटली, दोनदा रोल हुकला आणि तुम्ही बाहेर पडलात तर काठ गाठेपर्यंत पुढचा रॅपिड आलेला असतो. शिवाय टँकमधलं पाणी शांत आणि कोमट, इथे गार पाण्याने दम तुटतो आणि नुसत्या फेसात पॅडलला पकडच मिळत नाही.

म्हणून पहिले दोन दिवस शिवपुरीच्या खालीच काढा, रोलर कोस्टर आणि गोल्फ कोर्स हे तिथले रॅपिड तुमच्यासाठी भरपूर आहेत. तिथे रोल खरंच लागतोय असं दिसलं तरच वर जा, तेही तिथला सेफ्टी कयाकर (पाण्यात पडलेल्याला वाचवायला सोबत राहणारा) आणि सोबत एक राफ्ट घेऊन. वॉलच्या आधी काठाला लागा, उतरून नीट बघा, उलटलो तर कुठल्या एडीत (दगडामागच्या उलट फिरणाऱ्या संथ पाण्यात) शिरायचं आणि खाली दोरी घेऊन कोण उभं राहणार हे ठरल्याशिवाय कुणीही बोट पाण्यात सोडायची नाही. मन कचरलं तर बोट खांद्यावर घ्या आणि चालत पुढे जा, मी पण पहिल्यांदा तेच केलं होतं.

आणखी एक, देवप्रयागला भागीरथी-अलकनंदा मिळतात आणि भागीरथीवर वर टिहरी धरण आहे, त्यामुळे आभाळ स्वच्छ असलं तरी पाणी चढू शकतं. रोज सकाळी काठावरचा एक दगड हेरून ठेवा, म्हणजे पाणी चढलं की कळेल, आणि गाईडला पाण्याचं विचारूनच निघा. वाहून जाताना पाय पुढे आणि वर ठेवा, उथळ दिसलं तरी धारेत उभं राहू नका, पाय दगडात अडकला तर पाणी माणसाला आडवं करून दाबून धरतं.

आणि चौघांपैकी थ्रो बॅग (वाहणाऱ्याकडे फेकायची, दोरी भरलेली पिशवी) नेमकी फेकता कुणाकुणाला येते? येत नसेल तर आत्तापासून मैदानावर पळत्या माणसाकडे फेकायची प्रॅक्टिस करा, चौघांनीही.