पडदा पडल्यानंतरचा अर्धा तास

प्रश्न : करोनाकाळात काम केलेल्या परिचारिकांच्या अनुभवांवर आमच्या हौशी संस्थेने नाटक बसवायला घेतले आहे. माझी धाकटी बहीण तेव्हा कोविड कक्षात होती. तिच्या बोलण्यातूनच ते सुचले. मात्र ज्यांची माणसे त्या वेळी गेली, असे प्रेक्षकही येणारच. त्यांच्या जखमेवरची खपली आपण काढतो आहोत काय, ही धास्ती वाटते.
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आपली धास्ती रास्त आहे, आणि ती वाटते म्हणूनच हे नाटक आपल्या हातून व्हावे, असे मला वाटते. २१ एप्रिल २०२१ रोजी प्राणवायूच्या टाकीला गळती लागून २०हून अधिक रुग्ण दगावले, ते याच शहरात. तो प्रसंग रंगमंचावर आणू नका. पीपीई किट चढवल्यावर तासन्‌तास पाण्याचा घोटही न घेणारी, अखेरच्या घटका मोजणाऱ्या रुग्णाच्या कानाशी मोबाइल धरून त्याला लेकीचा आवाज ऐकवणारी सिस्टर दिसली, तरी पुरेसे आहे.

अमेरिकेतील ‘थिएटर ऑफ वॉर प्रॉडक्शन्स’ या संस्थेने २०२२मध्ये प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’ या नाटकाचे ऑनलाइन वाचन केले, तेव्हा कोरसमध्ये प्रत्यक्ष परिचारिका होत्या आणि वाचनानंतर प्रेक्षकांशी मोकळी चर्चा झाली. भावाला मूठमाती देण्याचीही मनाई झालेल्या बहिणीची ती कथा आहे. ज्या घरांना अंत्यदर्शनसुद्धा मिळाले नाही, त्यांना ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. जुन्या कथेच्या आडोशाने माणसे स्वतःविषयी बोलू शकतात, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

संहिता आधी बहिणीला वाचून दाखवा आणि कोणतेही वाक्य, कारण न सांगता, अगदी प्रयोगाच्या आदल्या रात्रीही खोडण्याचा अधिकार तिला द्या. रुग्णांच्या ओळखीच्या खुणा बदला.

नाट्यगृह आरक्षित करताना पडदा पडल्यानंतरचा अर्धा तास हिशेबात धरा. त्या वेळात सत्कार नको, भाषणे नकोत. दिवे हळूहळू लागावेत, ज्याला बोलायचे त्याने बोलावे, ज्याला उठून जायचे त्याला कोणी अडवू नये. सभागृहात एखादा समुपदेशक असावा, कारण नाटक म्हणजे उपचार नव्हे; शासनाच्या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक तिकिटावरच छापावा.

आणि पहिला प्रयोग परिचारिकांसाठीच ठेवा. तो मात्र पाळ्यांचे वेळापत्रक पाहून दोन वेगवेगळ्या वेळी करा, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरनाही येता येईल.