मराठवाड्यातलं विद्यापीठ स्वायत्त झालं तर मुंबईचा, म्हणजे राज्य सरकारचा, हस्तक्षेप थांबेल का?

कागदावर स्वायत्तता आजही आहेच. संभाजीनगरचं विद्यापीठ (स्थापना 1958) असो की नांदेडचं (1994), दोन्ही 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली चालतात. अभ्यासक्रम, परीक्षा, पदव्या हे सगळं त्यांच्याच अधिकार मंडळांकडे आहे. कुलगुरू मात्र राज्यपाल नेमतात. 2021 मध्ये सरकारने कुलगुरूंसाठी दोन नावं आपण सुचवायची आणि मंत्र्याला प्र-कुलपती (कुलपती म्हणजे राज्यपालांच्या खालचं पद) करायचं, असं विधेयक मंजूर करून घेतलं होतं. ते अमलात आलं नाही.

खरी गाठ पैशाची आणि पदांची. एक प्राध्यापक निवृत्त झाला की जागा भरायला उच्च शिक्षण विभागाची मान्यता हवी, वित्त विभागाचा होकार हवा, बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या आरक्षणाची, याची यादी) तपासून हवी, मग कुठे जाहिरात. तोवर वर्ग तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासागणिक पैसे मिळणाऱ्या, सरांच्या भरवशावर. जागा भरण्याचा अधिकार न देता नुसता 'स्वायत्त'चा फलक लावला तर उपयोग शून्य.

लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयासारखी स्वायत्त कॉलेजं अभ्यासक्रम, परीक्षा स्वतः ठरवतात, पदवी विद्यापीठाची. पण स्वायत्ततेच्या नावाखाली सरकारी अनुदान आटलं तर फी वाढणार, आणि दुष्काळी तालुक्यातल्या पोरांना ती झेपायची नाही. म्हणून मी म्हणेन, अधिकार द्या, पण पगाराचं अनुदान काढू नका.